मेंगेच्या डोहातला जेस

चौतीस वर्षं मी पोरांना मार्मोट शिकवला. मार्मोट म्हणजे उंच डोंगरावर राहणारं आणि बर्फ पडलं की बिळात शिरून सहा महिने घोरत पडणारं एक लठ्ठ जनावर. मी ते पाहिलेलं नाही. बर्फही पाहिलेलं नाही. पण सरकारी पुस्तकात त्याचा धडा होता आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा. ‘मार्मोट काय खातो?’ याचं उत्तर आलं नाही म्हणून मी कितीतरी पोरांचे कान पिळले. त्याची आता लाज वाटते.

आणि आमच्या गावाखालच्या आसेंग ओढ्यात, माझ्या मागच्या दारापासून चारशे पावलांवर, जेस राहत होता. त्याच्यावर धडा नव्हता. आमच्या बुलू लोकांत तो सगळ्यांना ऐकून माहीत असतो, पाहिलेला मात्र फार थोड्यांनी, कारण तो ऊन कललं की बाहेर पडतो आणि उजाडायच्या आत परत बिळात. मीही तो नीट पाहिला तो निवृत्त होऊन गावी आल्यावर, मेंगे गेल्यावर. मेंगे माझी बायको. ती असताना संध्याकाळी मला ओढ्यावर जाऊन बसायची गरज नव्हती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी मुंगसाएवढं अंग धरावं आणि मागं जवळजवळ तेवढीच लांब शेपूट. पाठ काळपट, पोट पांढरंशुभ्र. तोंड चपटं नि रुंद, त्यावर जाड मिशांचे खुंट. डोळे असून नसल्यासारखे बारीक. शेपूट मात्र बघण्यासारखी. दोन्ही बाजूंनी दाबलेली, माशासारखी उभी. पाय चार आहेत, पण बोटांना बदकासारखा पडदा नाही, म्हणून पाण्यात शिरला की तो पाय अंगाला चिकटवून टाकतो आणि नुसती शेपूट डावी-उजवी मारत सुटतो. नाकपुड्यांवर चामड्याची झाकणं असतात, बुडी मारली की ती बसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मोठा मासाच वाटला. मग तो मासा दगडावर चढला आणि त्यानं अंग झाडलं.

खेकड्याशी त्याची जी वागणूक होती ती मला फार आवडायची. समोरून कधी जायचा नाही. नांग्या उगारून बसलेल्या खेकड्याला खालून तोंड घालून उलथा पाडायचा आणि पोटाकडून फाडायचा. सकाळी दगडावर कवचं आणि नांग्या तेवढ्या पडलेल्या असायच्या. जेवण झालं की बसून केस विंचरायचा. त्याच्या मागच्या पायाची दोन बोटं एकमेकांना जोडलेली असतात, त्यांचाच कंगवा. इतक्या सावकाश विंचरायचा की कुणाकडे नटून जायचंय याला, असं वाटावं. जायचं कुठेच नसायचं. जेस एकटा राहतो. ओढ्याच्या एका तुकड्यात एकच.

मी हे सगळं वहीत लिहायचो, फ्रेंचमध्ये, कारण लिहायची सवय त्याच भाषेची. आमच्या बोलीत तो-ती असा भेद नाही, एकच शब्द सगळ्यांना पुरतो. फ्रेंचमध्ये मात्र पहिल्याच ओळीला ठरवावं लागतं. मी ‘तो’ लिहिलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. चूल विझलेल्या घरातून एक म्हातारा उठून पाण्याकाठी जातो आणि समोर दुसरा कुणीतरी एकटाच जेवून, एकटाच केस विंचरून बिळात परत जातो, तर त्याला काय म्हणणार? तीन वर्षं मी त्याला माझ्यासारखाच समजत होतो. हे आत्ताच सांगून टाकतो, लपवण्यात अर्थ नाही.

तो त्या डोहात आला तोही मेंगेमुळेच. आमच्याकडे कोरड्या हंगामात बायका ओढा अडवून मासे धरतात. त्याला आम्ही अलॉक म्हणतो. वर मातीचा नि फांद्यांचा बांध, खाली दुसरा, मधलं पाणी टोपल्यांनी, परातींनी उपसून टाकायचं आणि चिखलातले मासे, झिंगे, खेकडे वेचायचे. काठावर भोकं दिसली की त्यात हात नाहीतर कोयता घालायचा, कारण मोठे मांगूर तिथेच दडतात. ओढ्याचे तुकडे घराघरांत वाटलेले आहेत आणि ज्या घरचा काठ त्या घरची बाई त्या काठावर उभी राहते. ती बाई मेली की तिचा तुकडा चार हंगाम कुणी उपसत नाही. मेंगेचा डोह असा चार वर्षं शांत राहिला आणि शांत पाणी बघून जेस तिथे राहायला आला. डाव्या काठाला एका मुळाखाली, पाण्याच्या आत, त्याच्या बिळाचं तोंड होतं. पाणी असेपर्यंत ते कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

यंदा पाचवा हंगाम लागला आणि आता जेसचं काय होणार या काळजीनं महिनाभर मला झोप लागेना. पाणी गुडघ्यावर आलं तशी बिलोआ माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. बिलोआ ही अलॉकची म्होरकी, सत्तरीची, दात तीन आणि जीभ मात्र अख्खी.

“मास्तर, मेंगेचा डोह सुटला यंदा. शनिवारी उपसणार.”

“त्यात जेस आहे.”

“असू दे की. कातडं माझ्या पणतवाला होईल. जेसच्या कातड्याचा करगोटा बांधला की पोर लवकर चालायला लागतं.”

“पोर चालतं ते पायांनी चालतं, बिलोआ. तेवढा डोह सोडा.”

“तुम्ही परीक्षेत कधी कुणाला एखादं गणित सोडलंत?”

तिच्या मुलाला मी दोनदा नापास केला होता.

“मग मी स्वतः येऊन उभा राहतो,” मी म्हणालो.

“या की. बघू कोणत्या पायांनी परत जाता.” अलॉकला पुरुषानं जायचं नसतं. त्याची सावली पडली तर मासे चिखलात शिरतात, असं म्हणतात. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण चाळीस भिजलेल्या बायका टोपल्या घेऊन अंगावर आल्या तर माझ्या न मानण्याला कोण विचारतो? बिलोआ जायला निघाली आणि वळून म्हणाली, “हे बघा मास्तर, ज्याचा काठ त्याच्या बाईचा शब्द. तुमच्या काठावर तुमच्या घरची बाई उभी राहिली आणि म्हणाली की या भोकात हात घालू नका, तर माझी काय बिशाद आहे? बाई नसेल तर डोह सगळ्यांचा. बाई उभी करा.”

असं म्हणून ती हसली. बायका माझ्याशी बोलताना हसतात, त्याची मला सवय आहे. मी फक्त ‘घरची बाई’ एवढे शब्द उचलले आणि कामाला लागलो.

कामाला लागलो म्हणजे काय, विचार करत बसलो. थोरली मुलगी सीमेपलीकडे गॅबनमध्ये ओयेमला, धाकटी देशाच्या पार उत्तरेला गारुआला. चार दिवसांत कुणी येणं नाही. बहीण वारली. माझ्या घरात आता बाई म्हणावं असं कुणी नव्हतं, कोंबडी सोडली तर. राहता राहिली आबोमो.

आबोमो माझ्या धाकट्या भावाची, एविनाची विधवा. तिचं घर माझ्या दारासमोर, अंगण ओलांडलं की आलं. ते अंगण आम्ही अकरा वर्षांत ओलांडलं नव्हतं. एविनाचं सुतक फिटलं तेव्हा वडीलधारे जमले आणि रिवाजाप्रमाणे मला विचारलं, की भावाची बायको आता तू घेणार का? नको, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मी मास्तर आणि वर चर्चचा पंच. मी उभा राहून पाऊण तास बोललो. एकपत्नीव्रत काय, कायदा काय, जुन्या चालीरीती काय. फळा असता तर त्यावर लिहूनही दाखवलं असतं. तेवढा वेळ आबोमो सगळ्या गावासमोर बाकावर बसून होती, खाली बघत, बाजारात मांडून ठेवलेल्या आणि कुणी न घेतलेल्या भांड्यासारखी. तिनं मला घ्या असं कधी म्हटलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची बंद झाली. मेंगे असताना तिच्याकडे निरोप असायचे, मेंगे गेल्यावर तेही संपले. सकाळी ती तिच्या दारात, मी माझ्या दारात. दोघंही रस्त्याकडे बघायचो.

जेस नसता तर मी मरेपर्यंत ते अंगण ओलांडलं नसतं. बुधवारी दुपारी ओलांडलं.

ती ओसरीवर कसाव्याचा कंद वाटून केलेल्या कांड्या उकडायला पानात गुंडाळत बसली होती. माझी सावली पडली तरी मान वर केली नाही. मी खाकरलो.

“घसा बसलाय का?” ती पानाकडे बघत म्हणाली. अकरा वर्षांनंतरचे तिचे हे पहिले शब्द.

“नाही. बोलायचं होतं.”

“बसा मग. तुमचं बोलणं उभ्यानं ऐकायचं म्हणजे माणसाला काठी लागते.”

हे मला लागलं, पण लागायलाच हवं होतं. मी बसलो. भाषण करायचं नाही असं मनाशी ठरवूनच आलो होतो, म्हणून सरळ मुद्द्यावर आलो.

“आबोमो, शनिवारी अलॉक आहे. मेंगेचा डोह उपसणार आहेत. तू माझ्या काठावर उभी राहा.”

तिचा हात थांबला. “तुमच्या काठावर?”

“हो.”

“तुमच्या नावानं?”

“माझ्याच नावानं. नाहीतर बिलोआ ऐकायची नाही.”

“बिलोआला सांगितलंत?”

“तिनंच सुचवलं.”

आबोमोनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिचे केस बरेच पिकले होते. रोज समोर असून मला ते दिसलं नव्हतं.

“विचार करून बोलताय ना, भाऊजी? नंतर फिरवायचं नाही. सगळ्या गावासमोर उभी राहणार मी.”

“महिनाभर विचार केलाय. रात्री झोप नाही मला.”

“महिनाभर,” ती म्हणाली आणि तिनं एक कांडी दोनदा गुंडाळली.

“आणि एक. डाव्या काठाला, वाकड्या मुळाखाली, पाणी उतरलं की एक भोक दिसेल. त्याच्यासमोर उभी राहा, हलू नकोस. आत जेस आहे. कुणालाही हात घालू देऊ नकोस.”

“जेसचं काय एवढं?”

“आहे माझं काहीतरी.”

ती थोडी हसली. “बरं. भोकासमोर उभी राहीन. तुमच्या काठाचं जे असेल ते सांभाळायला नको का आता?” मग म्हणाली, “खाऊन जा,” आणि एक गरम कांडी सोलून माझ्या हातात दिली. मी शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ली आणि घरी आलो. काम झालं म्हणून इतका खूश होतो की ‘सांभाळायला नको का आता’ यातला ‘आता’ माझ्या कानावरून वाऱ्यासारखा गेला.

शनिवारी सकाळी बायका गात गात ओढ्याकडे गेल्या. आबोमो शेवटी होती, कमरेला मेंगेची टोपली. ती टोपली मीच तिला दिली होती, कारण तिची फाटली होती. बायकांनी टोपली पाहिली आणि गाणं एकदम दुप्पट मोठं झालं. मी मनात म्हटलं, काय उत्साह आहे.

आम्ही पुरुष अबामध्ये बसलो. अबा म्हणजे आमची पुरुषांची बैठकीची झोपडी, तिथे बसून गावाची चिंता करतात आणि ताडी पितात. माझा चुलतभाऊ ओंदुआ गावचा मुखिया आहे. आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलो आणि तेव्हापासून तो मला चिडवतोय. खालून परातींचे आवाज आले, पाणी उपसायला लागल्या होत्या. माझा जीव टांगणीला. मुळाखालचं पाणी आता उतरलं असेल, भोक उघडं पडलं असेल.

ओंदुआनं माझ्यासमोर ताडीचा तुंबा सरकवला. “घे. आज तुझा मान.”

“कसला मान?”

“आता लाजू नकोस. उशीर केलास, पण बरं केलंस. मी परवाच म्हटलं होतं बायकोला, हा म्हातारा एकटा मरणार.”

“काय बोलतोयस तू?”

त्यानं तुंबा हळूच परत आपल्याकडे ओढला. “तू तिला मेंगेच्या डोहावर उभं केलंस ना?”

“जेससाठी. तिथे जेस आहे. बिलोआ म्हणाली, घरची बाई उभी कर...”

“अरे देवा,” ओंदुआ म्हणाला. “तुला खरंच माहीत नाही?”

मला माहीत नव्हतं. माझी उमर एबोलोवा, अंबाम, जूम अशा बदल्यांत गेली. सुट्टीत गावी आलो तर अलॉक बायकांचं, त्यात पुरुषानं काय विचारायचं? ओंदुआनं सांगितलं ते असं, की मेलेल्या बाईचा डोह चार हंगामांनी सुटतो तेव्हा त्या काठावर पहिल्यांदा जी बाई पुरुषाच्या नावानं उभी राहते, ती त्याची बायको. पाद्री नको, पंच नकोत, देजाची चर्चा नको. आमच्या वयाच्या माणसांची लग्नं अशीच होतात. ती संध्याकाळी त्या डोहातले मासे शिजवून त्याच्या घरी आणते, दोघं एका ताटात जेवतात, संपलं.

“टोपलीसुद्धा दिलीस तू तिला,” ओंदुआ म्हणाला. “मेंगेची. काल गावभर तेवढंच बोलणं होतं.”

करायला गेलो एक नि झालं भलतंच. खोटं का सांगू, आधी मी घाबरलो. खाली ओढ्यात चाळीस बायकांसमोर ती माझी बायको म्हणून चिखलात उभी होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. अकरा वर्षांपूर्वी तिला सगळ्यांसमोर नाकारलं आणि आता सगळ्यांसमोर फसवलं, असंच झालं की हे.

“जा, सांगून ये तिला,” ओंदुआ म्हणाला, आणि लगेच, “नाही, जाऊ नकोस, तिथे जायचं नसतं.” त्यालाही हसू येईना.

मी घरी आलो. काय करावं ते सुचेना म्हणून झाडू घेतला. झाडता झाडता मनातली भीती कमी झाली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी यायला लागलं. ती हो म्हणाली होती. मी विचारलेलं मला कळलं नव्हतं, पण तिला कळलं होतं आणि ती हो म्हणाली होती. ‘विचार करून बोलताय ना’ असं विचारताना तिचा हात थांबला होता. मला आनंद झाला. पासष्टाव्या वर्षी, हातात झाडू घेऊन, अगदी स्वच्छ आनंद झाला. मेंगे गेल्यापासून भिंतीला टेकवून ठेवलेली दुसरी खुर्ची मी पुसून टेबलाशी लावली. दिवा भरला. दोन ताटं काढली, मग एक परत ठेवलं, कारण एका ताटात जेवतात.

आणि वाक्य तयार केलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासली, हे स्वतःचं होतं. ‘आबोमो, मी रिवाज न समजता विचारलं, पण समजल्यावरही हेच विचारलं असतं. आत ये.’ दहा वेळा म्हणून पाहिलं. पहिल्या अर्ध्यानं तिला वाईट वाटेल म्हणून ते काढून टाकलं, मग खोटेपणा नको म्हणून परत घातलं. खालून बायकांचा एकदम मोठा ओरडा आला आणि हसणं. कुणीतरी मोठा मांगूर धरला असेल, नाहीतर जेस. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. ऊन उतरल्यावर बांध फोडल्याचा आवाज आला, पाणी डोहात परत शिरलं. तेव्हाही मी ते वाक्यच म्हणत होतो, पण मध्ये मध्ये जेस येत होता. निसटला असेल का? कोयता लागला असेल का?

ती आली तेव्हा अजून उजेड होता. अंघोळ केलेली, अंगात ठेवणीतला निळा झगा, हातात ताट आणि ताटात केळीच्या पानात बांधलेली मोठी पुडी, तिच्यातून वाफ येत होती. अंगण ओलांडून माझ्या उंबऱ्याशी उभी राहिली. सगळ्या गावानं ते पाहिलं असणार. कुणी हाक मारली नाही, पोरंसुद्धा गप्प होती.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “जेस वाचला?”

तिनं मान हलवली. “वाचले. तिघंही.”

“तिघं कोण?”

“आई आणि दोन पिल्लं. पाणी उतरलं तसं ते मोठं जनावर भोकातून बाहेर यायला बघत होतं, मी दोन्ही पाय लावून भोक बंद केलं. सारखं चावत होतं. बायका पुढे सरकल्या तेव्हा हात घालून पाहिलं. वाळक्या पानांचं घरटं आहे आत. पिल्लं एवढी, करंगळीएवढी. डोळे मिटलेले.”

“पण तो एकटा असतो,” मी म्हणालो. “मी तीन वर्षं बघतोय. रोज. लिहून ठेवलंय.”

“तीन वर्षं बघितलंत,” आबोमो म्हणाली, “आणि आई आहे हे कळलं नाही?”

वरून नर-मादी सारखेच दिसतात, हे मी तिला सांगायला लागलो होतो. देवा शप्पथ, तोंडात शब्द आले होते. तेवढ्यात माझी नजर खाली गेली. झग्याखाली तिच्या पोटरीला चिंधी बांधलेली होती, दुसऱ्या पोटरीलाही, आणि दोन्ही चिंध्या भिजलेल्या होत्या. ती एका पायावर भार देऊन उभी होती. ताट दोन्ही हातांत होतं आणि मी ते अजून घेतलंही नव्हतं.

“पाय दाखव,” मी म्हणालो.

“आता?”

तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. झाडलेली जमीन, दिवा, दोन खुर्च्या, एक ताट. ते सगळं तिनं पाहिलं असेल, असं मी अजूनही स्वतःला सांगतो.

“भाऊजी, एक विचारते. हो की नाही, एवढंच सांगा, भाषण नको. त्या काठावर तुम्ही मला जेससाठी उभं केलंत?”

खोटं बोलता आलं असतं. दुपारभर जे मनात जुळवलं होतं ते सगळंच्या सगळं बोलता आलं असतं, आणि ते खरं होतं. पण तिनं हो की नाही विचारलं होतं आणि त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मला येत होतं.

“हो,” मी म्हणालो.

ती आत आली नाही. वाकून ताट उंबऱ्यावर ठेवलं, वाकताना तिला कळ आली तेही दिसलं. “गरम आहे तोवर खा, मास्तर,” म्हणाली आणि वळली. तिनं मला मास्तर कधीच म्हटलं नव्हतं, ते सगळं गाव म्हणतं.

मग मी धावलो. जखमेवर लावायचं जांभळं औषध कपाटात होतं ते घेतलं आणि अंगण ओलांडून तिच्या दारापर्यंत गेलो. दार लावलेलं होतं. मी बाहेरून सगळं सांगितलं. रिवाज माहीत नव्हता हे, दुपारी कळला हे, खुर्ची पुसली हे. मला आनंद झाला होता हेही सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, शेजारी ऐकत होते तरी सांगितलं. बराच वेळ बोललो. मग तिचा आवाज आला, अगदी साधा, रागाचा नाही.

“बाटली तिथेच ठेवा. आणि घरी जा.”

मी बाटली ठेवली आणि घरी आलो. ताट उंबऱ्यावर तसंच होतं, ओंदुआचं कुत्रं लांब बसून त्याच्याकडे बघत होतं. मी ते आत नेलं आणि पुडी सोडली. मांगूर पामतेलात शिजवलेला, झिंगे, वाटलेले शेंगदाणे, मेंगे घालायची तसाच पाला. शेजारी कसाव्याच्या चार कांड्या. दोन माणसांचं जेवण होतं. टाकून दिलं असतं तर सकाळी सगळ्या गावाला कळलं असतं आणि तिचा तेवढा आणखी अपमान झाला असता. म्हणून मी खुर्ची ओढली आणि सावकाश, शेवटच्या काट्यापर्यंत, ते सगळं एकट्यानं संपवलं.